पायथॉनमधील दिनांक-वेळविषयक प्रकारदोष : कारणे व निराकरण

प्रस्तावना :
पडद्यावर दिनांकासारखे दिसणारे मूल्य संगणकाच्या लेखी दिनांक असतेच असे नाही. पायथॉन भाषेत प्रकल्प करताना विद्यार्थ्यांना वारंवार येणारा 'टाइपएरर' पुष्कळदा याच गैरसमजातून उद्भवतो. प्रस्तुत लेखात त्याची कारणे व उपाय यांचे विवेचन केले आहे.

१) अक्षरमाला व दिनांक :
सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी, तर नवी मुंबई महानगरपालिकेची १ जानेवारी १९९२ रोजी झाली. साध्या फाइलमधून वाचलेले हे दिनांक '१७-०३-१९७०', '०१-०१-१९९२' अशा अक्षरमाला असतात. त्यांची वजाबाकी करताच टाइपएरर येतो. कारण अक्षरमालांना वजाबाकी ही क्रियाच नाही. तुलना मात्र विनातक्रार होते आणि १९७० चा दिनांक नंतरचा ठरतो. कारण पहिले अक्षर '१' हे '०' पेक्षा मोठे आहे. 'एसटीआरपीटाइम' या फलनास दिवस-महिना-वर्ष असा नमुना देऊन रूपांतर केल्यास ७,९६० दिवस हे अचूक अंतर मिळते.

२) डेट व डेटटाइम :
पहिल्यात केवळ दिनांक, दुसऱ्यात वेळही असते. यांची लहान-मोठी अशी तुलना केल्यास टाइपएरर येतो. दोन्ही मूल्ये एकाच प्रकारात आणणे हाच उपाय होय.

३) कालविभाग :
कालविभागयुक्त व कालविभागरहित वेळांची वजाबाकी पायथॉन नाकारते. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून लागू झाली, तरी मुंबईत 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत टिकून होता. दोहोंत सुमारे ३९ मिनिटांचा फरक होता. म्हणजेच विभागाविना घड्याळातील आकडा अपुरा असतो. दोष टाळण्यासाठी विभागाची माहितीच काढून टाकल्यास संदेश थांबतो, चूक मात्र उरते. वैश्विक वेळेनुसार ३१ डिसेंबरचे रात्रीचे आठ वाजतात, तेव्हा भारतात १ जानेवारीच्या पहाटेचा दीड झालेला असतो. दिवसच नव्हे, तर वर्षही बदलते. विभागरहित वेळ कोणत्या ठिकाणची आहे हे निश्चित करून, पायथॉन ३.९ पासून उपलब्ध असलेल्या 'झोनइन्फो' मधील 'एशिया/कोलकाता' सारखा योग्य विभाग तिला जोडावा.

निष्कर्ष :
दोषसंदेशातील ओळ पाहावी, तेथील प्रत्येक मूल्याचा प्रकार 'टाइप' या फलनाने तपासावा आणि माहिती आत येतानाच रूपांतर करावे. टाइपएरर हा अडथळा नसून इशारा आहे. जन्मदिनांक किंवा अर्जाची अंतिम मुदत यांबाबत थांबलेल्या आज्ञावलीपेक्षा निमूटपणे चुकीचे उत्तर देणारी आज्ञावली अधिक घातक ठरते.