पाळण्याआधीचे तीन महिने

सुनेला किंवा लेकीला दिवस राहिल्याचे कळले की आपल्याकडे सारे घर कामाला लागते. तिला जड उचलू द्यायचे नाही, तिचे डोहाळे पुरवायचे, सातव्या महिन्यात डोहाळजेवण करायचे. आणि बाळंतपणानंतर डिंकाचे व अळिवाचे लाडू, खसखशीची खीर, शेपूची भाजी, बाळंतशेपा. या साऱ्याचे शास्त्र आपल्या आज्या-पणज्यांनी पिढ्यानपिढ्या जपले. त्या मानाने दिवस राहण्यापूर्वीच्या काळासाठी आपल्या घरांत फारसे काही ठरलेले नाही. त्या काळात घर फक्त वाट पाहते, आणि अधूनमधून विचारते, “मग, गोड बातमी कधी?”

वाचकहो, या लेखात आपल्याशी बोलायचे आहे ते याच रिकाम्या राहिलेल्या काळाविषयी. घरातले स्वयंपाकघर, उपासांचे वेळापत्रक, कोणी आधी जेवायचे नि कोणी मागाहून, हे अजूनही बहुतेक घरांत आपल्यासारखी वडीलधारी माणसेच ठरवतात. म्हणून हे तरुण जोडप्याइतकेच आपणही वाचायला हवे.

सुश्रुतसंहितेत गर्भधारणेसाठी चार गोष्टी सांगितल्या आहेत: ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. योग्य काळ, योग्य भूमी, पोषण करणारा रस आणि सकस बीज. शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पेरणी मृगात करायची असली, तरी नांगरट आणि खतमाती उन्हाळ्यातच उरकावी लागते. आधुनिक वैद्यकशास्त्र हेच दोन आकड्यांत सांगते. पुरुषाच्या शरीरात शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, आणि ते पूर्ण परिपक्व होऊन बाहेर पडेपर्यंत अडीच-तीन महिने जातात. म्हणजे आज मुलाने तंबाखू सोडली, तर तिचा लाभ दिसायला एक ऋतू उलटावा लागतो. दुसरा आकडा बाळाचा. ज्या नलिकेपासून पुढे मेंदू आणि पाठीचा कणा घडतो, ती नलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. पाळी चुकून तेव्हा जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. अनेकींची तर तपासणीसुद्धा झालेली नसते. ही नलिका नीट मिटली नाही, तर बाळाच्या पाठीच्या कण्यात किंवा मेंदूत गंभीर व्यंग राहते. ते टाळण्यासाठी जे द्रव्य लागते, ते त्या आधीच आईच्या रक्तात असावे लागते. ते द्रव्य म्हणजे फोलिक आम्ल.

या द्रव्याच्या शोधाची कथा आपल्या मुंबईतली आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज स्त्री-डॉक्टर मुंबईला आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत राहून त्यांनी गरोदर स्त्रियांमध्ये, विशेषतः गिरणीत राबणाऱ्या गरीब स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या एका जीवघेण्या पांडुरोगाचा अभ्यास केला. या बायकांचे रक्त भरून येत नव्हते. विल्सबाईंनी त्यांच्या ताटात काय असते ते पाहिले आणि उपाय आहारातच शोधला. मार्माइट नावाच्या, यीस्टपासून केलेल्या स्वस्त अर्काने रुग्ण सुधारू लागले. १९३१ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी घटक कोणता, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. दहा वर्षांनी, १९४१ मध्ये, अमेरिकेतील संशोधकांनी चार टन पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला आणि पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक आम्ल हे नाव दिले. पुढे १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. आधीच्या बाळाला असे व्यंग असलेल्या स्त्रियांनी दिवस राहण्यापूर्वीपासून फोलिक आम्ल घेतले, तर पुढच्या बाळातील धोका ७२ टक्क्यांनी घटतो, असे त्यात दिसले.

आज सर्वसाधारण स्त्रीला रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी, मूल हवे असे ठरवल्यापासूनच, निदान एक महिना आणि शक्यतो तीन महिने आधी सुरू करण्याचा सल्ला दिला जातो. आधीच्या बाळात असे व्यंग असेल, मधुमेह असेल किंवा फेफऱ्याची औषधे चालू असतील, तर मात्रा बरीच जास्त लागते. ती डॉक्टरांनीच ठरवावी. ही गोळी स्वस्त आहे. ती घेताना कोणी “अजून काही नाही तर गोळ्या कशाला?” असे विचारू नये, एवढेच घराकडून अपेक्षित आहे.

गोळी घेतली म्हणून पालेभाजीचे काम संपत नाही. मेथी, पालक, चाकवत, अळू, हरभऱ्याचा पाला, शेवग्याचा पाला, मोड आलेली मटकी नि मूग, हरभरा, चवळी या सर्वांत फोलेट असते. मात्र ते पाण्यात विरघळते आणि उष्णतेने नासते. भाजी चिरून मग धुण्याची सवय मोडून आधी धुऊन मग चिरावी, कमी पाण्यात, झाकण ठेवून थोडा वेळच शिजवावी आणि शिजवलेले पाणी मोरीत ओतू नये, ते आमटीत घालावे. वरून लिंबू पिळले की भाजीतले लोह अंगी लागते. आणि जेवणावर लगेच चहा? तो चहा त्याच लोहाला अडवतो. तासाभराने घ्यावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. तेव्हा “आमच्या सुनेला काही झालेले नाही, ती धडधाकट आहे,” यावर भरवसा न ठेवता हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. ते १२ च्या खाली असेल, तर दिवस राहण्यापूर्वीच भरून काढणे सोपे जाते.

शाकाहारी घरांसाठी एक वेगळी सूचना. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता आणि त्यांची मुले यांचा दीर्घ अभ्यास केला. त्यातील सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्या मातांमध्ये फोलेट भरपूर पण बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये वयाच्या सहाव्या वर्षीच इन्शुलिनला दाद न देण्याचे, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेणारे लक्षण सर्वांत अधिक दिसले. बी-१२ भाजीपाल्यात नसते. ते दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यांतून मिळते. आपल्याकडे घरात दूध येते खरे, पण त्याचा मोठा वाटा चहात आणि आजोबा नि लहान मुलांच्या पेल्यांत जातो. सुनेच्या वाट्याला वाटीभर दही रोज येते का, हे एकदा डोळे उघडे ठेवून पाहावे. बी-१२ ची रक्ततपासणी करून घ्यावी आणि लागल्यास गोळी सुरू करावी.

अन्नाने खरेच काही फरक पडतो का, असे कोणी विचारील. मुंबईच्या झोपडवस्त्यांत २००६ ते २०१२ या काळात साडेसहा हजारांवर स्त्रियांना घेऊन हेच पडताळून पाहिले गेले. निम्म्या स्त्रियांना पालेभाजी, फळे आणि दूध घालून केलेला खाऊ गर्भधारणेपूर्वीपासून दिला. उरलेल्यांना बटाटा-कांद्यासारख्या कमी सत्त्वाच्या भाज्यांचा. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला, तेव्हा बाळांच्या वजनात खात्रीने सांगण्याजोगा फरक नव्हता. परंतु ज्यांनी दिवस राहण्यापूर्वी किमान तीन महिने तो खाऊ खाल्ला, त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने अधिक वजनाची होती. शिवाय सत्त्वयुक्त खाऊ खाणाऱ्या गटात गरोदरपणीचा मधुमेहही कमी आढळला. ४८ ग्रॅम म्हणजे काही चमत्कार नव्हे, आणि अगदी कृश स्त्रियांना त्याचा फारसा लाभ झाला नाही, हेही सांगायला हवे. पण लाभ झाला तो आधी सुरुवात करणाऱ्यांना, हे ध्यानात घ्यावे.

कृशता आणि स्थूलता या दोन्हींनी पाळीचे चक्र बिघडते. १५५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे पाच फूट एक इंच उंचीच्या स्त्रीचे वजन साधारण ४५ ते ५५ किलो असावे. अनेक तरुणींना हल्ली पीसीओएस असतो. पाळी दोन-दोन महिने येत नाही. अशा वेळी वजन जास्त असेल, तर ते पाच ते दहा टक्के उतरले तरी पुष्कळदा बीज नियमित सुटू लागते. सत्तर किलोच्या मुलीसाठी हे साडेतीन ते सात किलो झाले. त्यासाठी उपाशी राहायचे नाही. चातुर्मासातले लागोपाठचे उपास, आणि उपासाला साबुदाणा, वऱ्याचे तांदूळ, बटाटा, साखर. याने वजन उतरत नाही आणि प्रथिने मात्र हुकतात. या वर्षी तिचे उपास आपण धरावेत, किंवा तिला दूध, शेंगदाणे, राजगिरा आणि फळे यांवर भागवू द्यावे. संकल्प घरातल्या दुसऱ्याने पुरा केला, तर देव रागावेल असे मला तरी वाटत नाही.

आता मुलाविषयी. मूल होत नसलेल्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये पुरुषाकडील कारण एकटे किंवा स्त्रीच्या कारणासोबत असते. तरीही औषधे, नवस आणि टोमणे मात्र सुनेच्याच पदरात पडतात. तंबाखू, गुटखा, सिगारेट, दारू यांनी शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल खालावते. घरातल्या बायका मिश्री लावत असतील, तर तीही तंबाखूच आहे. ती दोघांनीही सोडावी. अंडकोष शरीराच्या उष्णतेपेक्षा दोन ते चार अंश थंड राहावेत, अशी निसर्गाची योजना आहे. म्हणून भट्टीजवळचे काम, मांडीवरचा लॅपटॉप, फार कढत पाण्याच्या टबात बसून राहणे हे टाळावे. व्यायामशाळेत शरीर कमावण्यासाठी पुरुष-संप्रेरकाची इंजेक्शने घेणारे तरुण वाढले आहेत. या इंजेक्शनांनी दंड भरतात, पण शरीर स्वतःचे शुक्रजंतू बनवणे थांबवते, आणि ते पूर्ववत व्हायला अनेक महिने, काही वेळा त्याहून अधिक काळ लागतो. मुलगा लाजेल, तरी वडिलांनी किंवा काकांनी हे विचारून घ्यावे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेले असते, आणि त्यांची शुश्रूषा सूनच करते. रात्री दोनदा उठणे, सर्वांत शेवटी उरलेसुरले जेवणे, दिवसभर स्वतःला ऊन नाही. आणि त्याच बाईकडून सुदृढ बाळाची अपेक्षा. रात्रीची पाळी घरातल्या पुरुषांनी आठवड्यातून निदान तीन-चार दिवस घ्यावी. शुश्रूषेसंबंधी आणखी एक बाब आहे आणि ती क्वचितच सांगितली जाते. प्रोस्टेट वाढल्यावर आजोबांना फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही औषधे देतात. जिला दिवस राहिले असतील किंवा राहण्याचा संभव असेल, अशा स्त्रीने फिनास्टेराइडची फुटलेली वा कुटलेली गोळी आणि ड्युटास्टेराइडची गळकी कॅप्सूल हाताळू नये. ती त्वचेतून शरीरात जाऊ शकते आणि पोटात मुलगा असल्यास त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष येऊ शकतो. संधिवातावरच्या मेथोट्रेक्सेटबाबतही हीच खबरदारी. आजोबांच्या गोळ्या घरातल्या दुसऱ्या कोणी काढून द्याव्यात.

तिची स्वतःची औषधेही डॉक्टरांना दाखवावीत. मुरुमांवरचे आयसोट्रेटिनॉइन, फेफऱ्यावरचे व्हालप्रोएट, मेथोट्रेक्सेट ही दिवस राहण्याआधीच बदलावी लागतात. मात्र आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नये. मधुमेह असल्यास एचबीएवनसी ६.५ च्या खाली आणून मग पुढे जावे. थायरॉइड तपासावे. दोघांचीही थॅलेसेमियासाठी रक्ततपासणी एकदा करावी. रुबेलाची लस घेतलेली नसेल तर ती आधी घ्यावी, आणि त्यानंतर एक महिना थांबावे.

कोणी “हमखास मुलगाच होईल” अशी पुडी आणून देत असेल, तर ती त्याच पावली परत करावी. मुलगा की मुलगी हे पित्याच्या शुक्रजंतूवर ठरते आणि गर्भधारणेच्या क्षणीच ठरते. अशा पुड्यांत संप्रेरकासारखी द्रव्ये आढळली आहेत आणि ती बाळाला घातक आहेत. अनोळखी भस्मांचेही तेच. त्यांत शिसे असू शकते.

राहिला प्रश्न वाट पाहण्याचा. बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस, असे महिन्यातून सहाच दिवस गर्भधारणेला अनुकूल असतात. दोघांच्या कामाच्या वेळा उलटसुलट, घर दोन खोल्यांचे, आणि त्यात पाहुणे. असे असेल तर सल्ल्यापेक्षा एकांत अधिक उपयोगी पडतो. आपण आठ दिवस लेकीकडे किंवा गावी जाऊन यावे. “गोड बातमी”चा प्रश्न मात्र घराबाहेरच ठेवावा, लग्नसमारंभात तर मुळीच काढू नये.

स्त्रीचे वय ३५ च्या आत असेल तर वर्षभर, ३५ च्या पुढे असेल तर सहा महिने प्रयत्न करून डॉक्टरांकडे जावे. चाळिशीत असेल, किंवा पाळी फारच अनियमित असेल, तर थांबू नये. पहिल्या भेटीला दोघांनी जावे, एकट्या सुनेला पाठवू नये. वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी आणि बिनत्रासाची तपासणी आहे. सुनेच्या सोनोग्राफ्या नि इंजेक्शने सुरू होण्यापूर्वी ती झालेली असावी. त्यासाठी दोन ते सात दिवसांचा संयम पाळून नमुना द्यावा लागतो. अहवालात दोष दिसला, तर निष्कर्ष काढण्यापूर्वी काही आठवड्यांनी, शक्यतो तीन महिन्यांनी, ती पुन्हा करतात.