घरातली वीज (भाग ७) : लाइट आल्यावर बॅटरीचं काय होतं?

बॅटरीच्या दुकानात एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘आता लाइट पहिल्यासारखी जात नाही, मग बॅटरी बसली कशी?’ ऐकणाऱ्याला वाटतं, मालच खराब निघाला. पण अमळनेरसारख्या गावात बॅटरीचं आयुष्य लाइट किती वेळा जाते यापेक्षा लाइट असताना तिच्याशी काय वागणूक होते यावर ठरतं. मागच्या भागात बॅटरीतल्या १२ व्होल्टचे २३० कसे होतात ते पाहिलं. आज उलट्या दिशेनं जाऊ.

घरोघरी असते ती १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी घ्या. आत सहा सेल, प्रत्येकाचे साधारण दोन व्होल्ट. दुपारी दोन तास लाइट गेली, दोन पंखे, टीव्ही आणि एक-दोन एलईडी चालले, तर चाळीसेक एएच खर्ची पडतात. लाइट आली की इन्व्हर्टरमधला चार्जर आधी ठरावीक करंट सोडतो. तो सहसा एएचच्या एक दशांश, म्हणजे इथे १५ अँपिअर. बॅटरीचं व्होल्टेज चढत चढत १४.४ च्या आसपास पोहोचलं की चार्जर ते तिथेच रोखून धरतो आणि मग करंट आपोआप घटू लागतो : पंधराचे आठ, आठाचे तीन. ज्वारीचं पोतं भरताना पहिले पायली-दोन पायली धबाधब पडतात, शेवटचे दोन शेर मात्र पोतं आपटून आपटून बसवावे लागतात, तसंच हे. पहिले ऐंशी टक्के लवकर भरतात, उरलेल्या विसाला कित्येक तास लागतात. तेही भरले की चार्जर १३.६ व्होल्टच्या आसपास उतरतो आणि तिथेच राहतो. याला फ्लोट म्हणतात. बॅटरी नुसती पडून राहिली तरी थोडी थोडी उतरत असते, तेवढी तूट फ्लोट भरून काढतो.

वीस वर्षांपूर्वी भारनियमनात नेमके ते शेवटचे वीस टक्के कधी भरतच नसत. लाइट येई, बॅटरी जेमतेम सावरे, तोवर पुन्हा जाई. बॅटरी वापरताना दोन्ही प्लेटांवर शिशाचं सल्फेट साचतं. वेळेवर पूर्ण चार्जिंग झालं तर ते विरघळतं, नाहीतर त्याचे टणक खडे होतात आणि तेवढी प्लेट कायमची निकामी होते. शिवाय जड ॲसिड तळाशी बसतं. १४.४ ला बॅटरी हलके बुडबुडे सोडते तेव्हाच ते ढवळून सारखं होतं. त्या काळात बॅटऱ्या उपाशीपोटी गेल्या. आता दिवसाचे तेवीस तास फ्लोटवर असलेल्या बॅटऱ्या मला दिसतात, आणि त्या अजीर्णानं जातात.

त्यात आपलं ऊन. मे महिन्यात इथला पारा ४४ पर्यंत सहज जातो आणि इन्व्हर्टरची ट्रॉली असते पश्चिमेच्या गॅलरीत, नाहीतर पत्र्याच्या खोलीत. १४.४, १३.६ हे आकडे २५ अंश तापमानाचे आहेत. बॅटरी तापली की तेवढंच व्होल्टेज तिला जास्त पडतं. दर अंशामागे प्रत्येक सेलला सुमारे तीन मिलिव्होल्ट कमी करायचे, असा हिशोब आहे. सहा सेलचे अठरा मिलिव्होल्ट, वीस अंशांचे ०.३६ व्होल्ट. म्हणजे ४५ अंशांवर फ्लोट १३.६ नको, सव्वातेरा पुरे. चांगला चार्जर बॅटरीला चिकटवलेल्या सेन्सरवरून हे करतो. स्वस्त इन्व्हर्टरला तो सेन्सरच नसतो, तो डिसेंबरात आणि मेमध्ये एकच व्होल्टेज देत राहतो. शिवाय चार्जर कितीही शहाणा असला, तरी बॅटरी २५ ऐवजी कायम ३५ अंशांवर राहिली तर तिचं आयुष्य ढोबळमानानं निम्म्यावर येतं. धाब्याच्या जुन्या घरातल्या खालच्या खोलीइतकी चांगली जागा बॅटरीला दुसरी नाही.

जास्तीच्या करंटचं होतं काय? पाण्याचं विघटन. हायड्रोजन आणि ऑक्सिजन झाकणाच्या छिद्रांतून निघून जातात, ॲसिड आतच राहतं. म्हणून वर भरायचं ते डिस्टिल्ड वॉटर, ॲसिड कधीही नाही. बोअरचं पाणी तर नाहीच, त्यातले क्षार प्लेटा खातात. मेकॅनिक आला की पहिला प्रश्न टाकतो, ‘बॅटरीमा पानी टाकं का?’ आणि घरचे एकमेकांकडे बघतात. एक बारकावा : प्लेटा उघड्या पडल्या नसतील, तर पाणी पूर्ण चार्ज झाल्यावर टाकावं. चार्जिंगमध्ये पातळी वर येते. आधीच काठोकाठ भरलं तर ॲसिड बाहेर येऊन टर्मिनलवर निळसर-पांढरा थर धरतो. हवेत हायड्रोजन चार टक्क्यांवर गेला की तो पेट घेऊ शकतो. जिन्याखालच्या बंद कपाटात बॅटरी आणि शेजारी देव्हारा, निरांजन-उदबत्तीसकट, ही मांडणी पाहिली की माझ्या छातीत धस्स होतं.

इन्व्हर्टरच्या मागे एक छोटा खटका असतो, त्याकडे कोणी बघत नाही. बॅटरी कुठल्या प्रकारची आहे ते चार्जरला तिथून सांगायचं असतं : ट्युब्युलर, फ्लॅट प्लेट की सीलबंद. बॅटरी बदलताना प्रकार बदलला आणि खटका तसाच राहिला, तर सीलबंद बॅटरीला ट्युब्युलरचं जास्त व्होल्टेज मिळतं. तिच्यात पाणी टाकायची सोयच नसते, ती आतून कोरडी पडते आणि फुगते. उलट झालं तर ट्युब्युलर बॅटरी वर्षभर अर्धपोटी राहते. शेजारचा ‘यूपीएस–नॉर्मल’ खटका वेगळा. यूपीएसवर ठेवलं की लाइट गेल्यावर कॉम्प्युटर बंद न पडण्याइतक्या झटपट बदल होतो. पण तिथे १८० व्होल्टच्या खालची लाइट इन्व्हर्टर लाइटच मानत नाही आणि बॅटरीवर जातो. शेतीपंप सुरू असताना ज्या गावांत व्होल्टेज पडतं, तिथे या एका खटक्यापायी बॅटरी लाइट असूनही उतरत राहते. फक्त पंखे-दिवे असतील तर नॉर्मल बरा.

सेतू केंद्रातल्या कॉम्प्युटरखालच्या छोट्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची सीलबंद बॅटरी असते. तिला १३.५ ते १३.८ चा फ्लोट, संपलं. दिवाळीच्या सुट्टीत मेन स्विच पाडून गेलात तर तिला तेवढंही मिळत नाही. बहुतेक यूपीएस पुढचं बटण बंद असलं तरी प्लग चालू असेतो बॅटरी चार्ज करत असतात. लेझर प्रिंटर मात्र त्यावर लावू नये, त्याचा हीटर यूपीएसचा दम काढतो.

डिस्प्लेवरच्या ‘बॅटरी फुल’वर विसंबू नका, त्याला फक्त व्होल्टेज कळतं. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी इन्व्हर्टरपासून सोडवून रात्रभर तशीच ठेवा. सकाळी मीटरनं १२.६ च्या वर दाखवलं तर ठीक. साडेदहाच दाखवलं तर सहापैकी एक सेल मेला, असं समजा. आता चार्जरला हे माहीत नसतं. तो पाचच सेलांवर १४.४ व्होल्ट चढवू पाहतो, म्हणजे प्रत्येकाला जवळपास २.९. ते पाचही उकळू लागतात, बॅटरी हाताला चटका देते आणि घरात सडक्या अंड्याचा वास सुटतो. असा वास आला की आधी मेन स्विच आणि इन्व्हर्टर बंद करा, खिडक्या उघडा, मग मेकॅनिकला फोन.

जुनी बॅटरी ॲसिड गटारात ओतून भंगारवाल्याला देऊ नका. ती आहे तशी विक्रेत्याला परत करा. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यातलं शिसं पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, आणि नव्या बॅटरीच्या किमतीत जुनीचे पैसेही वळते होतात.

पुढच्या आठवड्यात लिथियम : तिला पाणी लागत नाही, फ्लोटचीही गरज नसते, मग तिच्या डब्यात वेगळं सर्किट कशाला बसवतात?