जन्मतः तोल नसलेलें मांजर

मांजर कसेंहि पडलें तरी चार पायांवरच उतरतें, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. मींहि वर्गांत पुष्कळ वर्षें मुलांना तेंच सांगितलें. परंतु ज्या मांजराविषयीं मी आज बोलणार आहे, तें चार बोटें उंचीच्या पाटावरून उतरतांना कुशीवर पडतें. पडतें, पाय झाडतें, उठतें, आणि कांहींच न घडल्यासारखें पुढें चालूं लागतें.

२०१८ सालच्या पावसाळ्यांत आमच्या जिन्याखालीं एक भटकी मांजरी व्याली. चार पिलांपैकीं दोन पहिल्याच आठवड्यांत गेलीं. उरलेल्या दोघांचे डोळे उघडले, तीं सरपटूं लागलीं, तोंवर त्यांच्यांत कांहीं भेद दिसला नाहीं. सुमारें तीन आठवड्यांनीं चालण्याची वेळ आली, तेव्हां एक पिलूं नीट चाललें. दुसरें मात्र चारी पाय फांकून, डोकें डोलवीत, कवाईत केल्यासारखा पाय उंच उचलून धपकन् खालीं टाकूं लागलें. बशीशीं नाक नेलें कीं त्याची मान लटलट कांपे आणि नाक बशींत बुडे. माझ्या नातीनें तिचें नांव भिंगरी ठेवलें. शेजारीं कोणी म्हणालें दृष्ट लागली, कोणी म्हणालें डोक्याला मार बसला असेल. एका डॉक्टरांनीं तर तिला पाहतांच मला बाजूला घेतलें व म्हटलें, "मास्तर, हिचे हाल कशाला करतां? एक सुई देऊन मोकळी करूं."

मी जवळजवळ होकार दिला होता. माझ्या पत्नीनें मात्र पिलूं पदराखालीं घेतलें आणि विचारलें, "ही पोटभर खाते, खेळते, कुरवाळलें कीं घुरघुरते. मग हाल होताहेत ते हिचे, कीं बघणारांचे?"

ह्या प्रश्नाचें उत्तर त्या डॉक्टरांनीं दिलें नाहीं, आणि माझ्यापाशींहि नव्हतें. म्हणून मी दुसऱ्या एका पशुवैद्यांकडे गेलों. त्यांनीं जें समजावून सांगितलें आणि पुढें मीं जें वाचलें, तें आपणांस सांगतों.

डोक्याच्या मागच्या भागांत, मानेच्या वर, लहान मेंदू असतो. हालचालीचा हुकूम मोठा मेंदू देतो. परंतु पाय किती उचलावा, कोठें थांबवावा, एक स्नायू आवळतांना दुसरा किती सैल सोडावा, ह्याचें मोजमाप लहान मेंदू ठेवतो. शाळेंतलें उदाहरण द्यायचें तर, हेडमास्तर म्हणतात, "सहल न्या." गाडीची वेळ, भाडें, मुलांची मोजणी हें सारें कारकुनाच्या वहींत असतें. कारकून रजेवर असला तरी सहल निघते. ती कोठें पोंचेल ह्याचा मात्र नेम नाहीं. भिंगरीचा लहान मेंदू पुरता वाढलेलाच नाहीं. अंगांत बळ आहे, इच्छा आहे, डोळे-कान शाबूत आहेत. उणें आहे तें केवळ माप.

निजलेल्या भिंगरीला पाहून कोणीहि तिला व्यंग आहे असें म्हणणार नाहीं. झोपेंत कंप मुळींच नसतो. एखाद्या वस्तूकडे ती सरसावली कीं कंप सुरू होतो, आणि वस्तु जितकी जवळ येईल तितका तो वाढतो. उत्सुकता किंवा भीति असेल तर अधिकच. हें मला कळलें त्या दिवशीं माझ्या वर्गांतला एक मुलगा आठवला. लेखणी कागदाला टेंकण्याच्या क्षणींच त्याचा हात थरथरे. मी "लक्ष दे" म्हणून ओरडें, आणि तो जितकें लक्ष देई तितकें त्याचें अक्षर बिघडे. त्याला काय विकार होता, होता कीं नव्हता, हें आतां कसें सांगावें? पण त्याच्या हातावर मीं मारलेल्या पट्ट्या मला आठवतात. असो.

हा विकार जन्मजात खरा, पण बहुधा आनुवंशिक नव्हे, आणि हा भेद महत्त्वाचा आहे. अशा झोकांड्या खाणाऱ्या दोन मांजरांची हकीकत लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या वृत्तांतांत १८८८ सालींच छापून आलेली आहे. पुढें कित्येक वर्षें विद्वान् लोक हा दोष आईबापांकडून येतो असें मानीत. १९६६ सालीं किलहॅम आणि मार्गोलिस ह्या अमेरिकन संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, ह्याचें मूळ एका विषाणूंत आहे. पॅनल्युकोपेनिया नांवाचा जो मांजरांचा घातक रोग, ज्यांत रक्तांतील पांढऱ्या पेशी नाहींशा होतात, त्याचाच हा विषाणु. तो झपाट्यानें दुणावणाऱ्या पेशींमध्येंच वाढतो. मोठ्या मांजराच्या शरीरांत अशा पेशी आंतड्यांत व हाडांच्या मगजांत असतात, म्हणून तेथें तो घाला घालतो. जन्माच्या सुमारास मात्र लहान मेंदूच्या पेशीहि अशाच वेगानें वाढत असतात. गाभण मांजरीला शेवटच्या आठवड्यांत, किंवा नुकत्याच जन्मलेल्या पिलाला, हा संसर्ग झाला तर त्या पेशी मरतात आणि पुन्हां येत नाहींत. एकाच वेतांतलें एक पिलूं सुटतें व दुसरें सांपडतें, हेंहि नेहमीं घडतें.

म्हणजे काय झालें? घराचा एक कोपरा जळाला, परंतु आग विझलेली आहे. हा चालू असलेला रोग नव्हे; होऊन गेलेल्या रोगाची खूण आहे. त्यावर औषध नाहीं, पण तो वाढतहि नाहीं. त्यानें वेदना होत नाहींत, आणि व्यंग बेताचें असेल तर मांजर इतरांइतकेंच जगतें. पत्नीच्या प्रश्नाचें उत्तर मला असें मिळालें. अर्थात् सर्वच पिलें भिंगरीसारखीं नसतात. ज्याला उभेंच राहतां येत नाहीं, ज्याला घास भरवावा लागतो, त्याच्या बाबतींत तोच प्रश्न पुन्हां प्रामाणिकपणें विचारला पाहिजे.

येथें एक इशारा देतों. धडधाकट मोठें मांजर एकाएकीं झोकांड्या खाऊं लागलें, किंवा पिलाचा कंप आठवड्यागणिक वाढूं लागला, तर तो हा विकार नव्हे. कानाचा रोग, मार, विष, फार काय पिसाळण्याची सुरुवातहि असूं शकते. त्याच दिवशीं पशुवैद्य गांठावा. कुत्र्याच्या पिसवांवरचें परमेथ्रिन असलेलें औषध मांजराला लावल्यानेंहि असेच झटके येतात, आणि तें त्याला प्राणघातक ठरतें.

भिंगरीला सुधारण्याचा नाद सोडून आम्हीं घर सुधारलें. गुळगुळीत फरशीवर तिचे पाय चहूंकडे फांकत, म्हणून तिच्या नेहमींच्या वाटेवर काथ्याच्या चटया घातल्या. नखें रुतलीं कीं तोल सांवरतो. ह्यास्तव तिचीं नखें आम्हीं कापीत नाहीं. नखांच्या बळावर ती पलंगावर चढते देखील, उतरणें साधत नाहीं, तेव्हां खालीं एक जुनी गादी कायमची पसरलेली आहे. अन्नासाठीं रुंद बुडाचें जड दगडी वाडगें पाटावर ठेवतों, म्हणजे मान फार वांकवावी लागत नाहीं. सर्वांत अवघड प्रश्न शौचाचा. घमेल्यांत वाळू ठेवली तर ती घमेल्यासकट कलंडे. शेवटीं आंब्याची एक लांकडी पेटी घेतली, तिची एक बाजू बुटकी कापली, आंत वाळू भरली. उरलेल्या तीन उंच बाजूंना टेंकून ती आपलें काम उरकते. जिन्याच्या तोंडाशीं फळी आहे, गच्चीचें दार बंद असतें, व रस्त्यावर तिला सोडीत नाहीं. कुत्र्यापुढें तिला पळतां येणार नाहीं. तिला पिलें झालीं असतीं तर तीं नीट चाललीं असतीं, तरीहि योग्य वयांत तिची शस्त्रक्रिया करून घेतली.

ज्यांच्या घरीं मांजर आहे त्यांनीं लसीकडे लक्ष द्यावें. पिलाला साधारणपणें सहा ते आठ आठवड्यांचें असतांना पहिली लस देतात व पुढें तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें, तें सोळा आठवड्यांचें होईपर्यंत, पुन्हां देतात. परंतु जिवंत विषाणु दुबळा करून केलेली लस गाभण मांजरीला किंवा चार आठवड्यांच्या आंतल्या पिलाला देऊं नये. तिच्यामुळेंहि पिलाच्या लहान मेंदूला इजा होऊं शकते. तेव्हां मांजरी गाभण असण्याची शंका असली तर डॉक्टरांना आधीं सांगावें. शिवाय हा विषाणु घराच्या कोनाकोपऱ्यांत वर्षभरहि टिकूं शकतो. ह्या रोगानें एक मांजर गेलें असेल, तर लस न टोंचलेलें दुसरें लगेच घरांत आणूं नये.

भिंगरी आतां चांगली प्रौढ झाली आहे. खिडकींतल्या चिमणीवर ती अजून झेंप घेते आणि हातभर बाजूला पडते. वाडगें जड आहे, तें हलत नाहीं. पाण्याची बशी मात्र ती दररोज एकदां तरी उलथी करते, व तें पाणी पुसण्याचें काम घरांत माझ्याकडे आहे.