प्रकाशातील श्वसन : वर्गप्रयोगांचा पुरावा आणि त्याच्या मर्यादा

वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात व रात्री श्वसन करतात, ही समजूत शालेय वयात एकदा मनात रुजली की पदव्युत्तर वर्गापर्यंत सहसा हलत नाही. केवळ व्याख्यानाने तिचे निराकरण होत नाही, हे तर खरेच. परंतु ज्या प्रयोगांनी ते व्हावयाचे ते प्रयोगच प्रचलित रीतीने केले असता ती अधिक दृढ होते, ही गोष्ट पुरेशी लक्षात घेतली जात नाही. या प्रयोगांत प्रत्यक्ष मापन कशाचे होते आणि अनुमान कोठे सुरू होते, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

यान इंगेनहाउस याने १७७९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले की, वनस्पतींचे हिरवे भागच, आणि तेही प्रकाशातच, हवा शुद्ध करतात. अंधारात त्याच वनस्पती हवा दूषित करतात. हे कार्य सूर्याच्या उष्णतेचे नसून प्रकाशाचे आहे, हेही त्याने स्पष्ट केले. निरीक्षण अचूक होते. मात्र 'अंधारात दूषित करतात' या विधानाचा 'केवळ अंधारातच' असा अर्थ फार सहजपणे घेतला जातो. रात्री झाडाखाली निजू नये, या लोकसमजुतीलाही मग शास्त्राचा आधार मिळाल्यासारखे वाटते. वस्तुतः विश्रांती घेणारा प्रौढ मनुष्य तासाला सुमारे १२ लिटर कार्बन डाय-ऑक्साइड सोडतो, तर पानांचे एक चौरस मीटर क्षेत्र अंधारात तासाला १०० घन सेंटीमीटरच्या आसपास. शंभर चौरस मीटर पर्णक्षेत्र असलेला वृक्ष म्हणजे उघड्या हवेत शेजारी निजलेला आणखी एक माणूस, एवढाच याचा हिशेब. आणि शेजारी माणूस निजला म्हणून कोणी अंथरूण हलवीत नाही.

सर्वांत परिचित प्रयोग हायड्रिलाच्या बुडबुड्यांचा. तिरपी कापलेली फांदी, कापलेले टोक वर ठेवून, सोडियम बायकार्बोनेटच्या विरळ द्रावणात बुडवितात आणि दिवा निरनिराळ्या अंतरांवर ठेवून मिनिटास किती बुडबुडे निघतात ते मोजतात. या वनस्पतीच्या बुडबुड्यांची आपोआप नोंद करणारे उपकरण जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यास रचले होते. त्यांचा प्रकाशसंश्लेषणावरील ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. प्रयोग साधा आहे, म्हणूनच तो फसवाही आहे. अंतर १०, २० व ४० सेंटीमीटर केले असता प्रकाशाची तीव्रता १००, २५ व ६.२५ या प्रमाणात उतरते. विद्यार्थी मात्र आलेख अंतराचाच काढतो आणि वक्ररेषा पाहून गोंधळतो. तंतूचा दिवा वापरल्यास अंतराबरोबर तापमानही बदलते. तेव्हा मध्ये पाण्याने भरलेले सपाट भिंतींचे काचपात्र ठेवणे किंवा एलईडी दिवा वापरणे आवश्यक ठरते. बुडबुड्यांचे आकारमान सारखे नसते आणि त्यांत निव्वळ ऑक्सिजनही नसतो. पाण्यात विरघळलेला नायट्रोजन त्यांत शिरतो. दिवा फार जवळ आणल्यावर संख्या वाढेनाशी होते, त्याचे कारण एफ. एफ. ब्लॅकमन याने १९०५ साली मांडलेल्या मर्यादक घटकांच्या तत्त्वात सापडते : आता उणीव प्रकाशाची नसून कार्बन डाय-ऑक्साइडची किंवा तापमानाची असते.

या साऱ्या दोषांची चर्चा बहुधा होते. ज्याची होत नाही तो दोष आलेखाच्या दुसऱ्या टोकाला आहे. दिवा दूर नेता नेता बुडबुडे थांबतात आणि वहीत लिहिले जाते, 'प्रकाशसंश्लेषण थांबले'. प्रयोगाने तसे काहीही सिद्ध केलेले नसते. निर्माण होणारा ऑक्सिजन श्वसनात खर्च होऊन व पाण्यात विरघळून बुडबुड्यापुरता उरत नाही, एवढेच त्यातून कळते. म्हणजे बुडबुडे हे प्रकाशसंश्लेषणाचे माप नसून दोन क्रियांच्या वजाबाकीचे माप आहे.

ही वजाबाकी डोळ्यांना दिसावी अशी इच्छा असेल तर दर्शकद्रव्याचा प्रयोग अधिक उपयुक्त आहे. क्रेसॉल रेड व थायमॉल ब्ल्यू मिसळलेले बायकार्बोनेटचे द्रावण बाहेरच्या हवेशी समतोल राखून असताना नारिंगी-तांबडे असते. कार्बन डाय-ऑक्साइड वाढला की पिवळे आणि घटला की जांभळे होते. थोडे द्रावण घातलेल्या चार परीक्षानळ्या घेऊन तिघींत द्रावणाच्या वर ताजे पान अडकवावे व बुचे घट्ट बसवावीत. एक नळी प्रकाशात उघडी ठेवावी, दुसरी धातूच्या वर्खात गुंडाळावी, तिसरीभोवती मलमलीचे थर द्यावेत; चौथी पानाविना राहील. पहिलीत जांभळा व दुसरीत पिवळा रंग येतो. तिसरीत थर योग्य जमले तर काहीच घडत नाही, आणि नेमकी तीच नळी 'प्रयोग फसला' म्हणून बाजूला सारली जाते. वास्तविक तिन्हींत बोलकी तीच आहे. तिच्यातील पान पानाविना असलेल्या नळीसारखे निष्क्रिय नाही. त्यात दोन्ही क्रिया समान वेगाने चालू आहेत. हाच प्रकाशाचा समतोलबिंदू. सावलीत वाढलेल्या पानांत तो कमी प्रकाशाला येतो, उन्हात वाढलेल्या पानांत अधिक.

येथपर्यंतचे स्पष्टीकरण एका गृहीतावर उभे आहे : श्वसनाचा वेग अंधारात असतो तेवढाच प्रकाशातही राहतो. गार्डर व ग्रान यांनी १९२७ साली वापरलेली उजेडी व अंधारी बाटल्यांची पद्धत याच गृहीतावर चालते. समजा, तळ्याच्या पाण्यात प्रारंभी लिटरला ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन होता. काही तासांनी अंधाऱ्या बाटलीत ७ व उजेडीत ११ भरला. निव्वळ वाढ ३, श्वसन १, म्हणून एकूण प्रकाशसंश्लेषण ४ असे मांडले जाते. यांतील ३ व १ हे मोजलेले आकडे आहेत. ४ हा मात्र मोजलेला नाही. तो गृहीतातून आलेला आहे.

गृहीत तपासावयाचे कसे, हा खरा कठीण प्रश्न होता, कारण एकाच पानात एकाच क्षणी एक क्रिया ऑक्सिजन देते आणि दुसरी घेते. १९५३ साली ए. एच. ब्राऊन याने ऑक्सिजनच्या जड समस्थानिकाचा उपयोग करून क्लोरेला या शैवालाचा प्रकाशातील ऑक्सिजन-ग्रहणाचा वेग वेगळा मोजला. अंधारातील वेगाहून तो फारसा भिन्न आढळला नाही. पण सर्व पुरावा असा सरळ नव्हता. बेसेल कॉक याने त्यापूर्वीच, १९४८ च्या सुमारास, समतोलबिंदूजवळ आलेखाची रेषा वाकते हे दाखविले होते. वरच्या भागातील रेषा शून्य प्रकाशापर्यंत मागे वाढविली असता ती अंधारात मोजलेल्या श्वसनापेक्षा कमी श्वसन दर्शविते. म्हणजे प्रकाशाने श्वसन मंदावत असावे. उलट जे. पी. डेकर याला १९५५ साली असे आढळले की, दिवा मालवताच तंबाखूचे पान क्षणभर नेहमीच्या श्वसनाहून बरेच अधिक वेगाने कार्बन डाय-ऑक्साइड सोडते. यातूनच प्रकाशश्वसनाचा शोध पुढे गेला. कार्बन डाय-ऑक्साइड बांधणारे रुबिस्को हे एंझाइम त्याच्या जागी ऑक्सिजनही पकडते. त्यातून झालेल्या द्रव्याची विल्हेवाट लावताना कलकणूंत कार्बन डाय-ऑक्साइड सुटतो. तापमान वाढते तशी ही हानी वाढते. नाव श्वसनाचे असले तरी यात वनस्पतीस ऊर्जा मिळत नाही, उलट खर्चावी लागते. तेव्हा नामकरण फारसे सुदैवी म्हणता येत नाही. प्रकाश अशा रीतीने खऱ्या श्वसनाला काहीसा आवर घालतो आणि त्याच वेळी वायूच्या विनिमयात एक नवीन गळती उघडतो. वरच्या ४ या आकड्याकडे त्या दृष्टीने पाहिले पाहिजे.

ही गळती वर्गातही दाखविता येते. सोयाबीन व मका यांची रोपे एकाच हवाबंद काचपात्रात अखंड प्रकाशात ठेवली असता मका पात्रातील कार्बन डाय-ऑक्साइड दशलक्षांशी काही थोड्या भागांपर्यंत खाली आणतो. सोयाबीनचा समतोल ४० ते ५० भागांच्या आसपास होतो. त्याखाली भरपूर प्रकाश असूनही ते कार्बन गमावीत राहते आणि मका तो उचलीत राहतो. काही दिवसांत सोयाबीन पिवळे पडते, मका हिरवा राहतो. मक्याच्या जागी ज्वारी किंवा उसाचे रोपही चालेल, कारण त्यांच्या पानांतही कार्बन डाय-ऑक्साइड आधी एकवटून मग रुबिस्कोपर्यंत पोचविला जातो. तुलनेसाठी एका बंद पात्रात एकटे सोयाबीन ठेवावे; ते आपल्या समतोलावर स्थिरावून पुष्कळ अधिक काळ तग धरते. रोपे बागेच्या मातीत लावू नयेत, धुतलेल्या वाळूत पोषकद्रावण घालून वाढवावीत. मातीतील सूक्ष्मजंतू सतत कार्बन डाय-ऑक्साइड पुरवितात आणि सोयाबीन पिवळे पडतच नाही. बीजदलांतील साठा संपण्यापूर्वी पात्र बंद केले तरीही तसेच होते.