गेमची लायब्ररी निवडताय? आधी 'विद्यार्थी' लिहून बघा



मागच्या वर्षी भंडाऱ्यातल्या एका शिकवणीवाल्या सरांनी मला पाढ्यांचा मराठी गेम करून मागितला. माझ्या दुकानात येणारा एक मुलगा कोडिंग शिकलेला होता, मी लगेच हो म्हटलं. तीन आठवड्यांत गेम तयार झाला. दाखवायला गेलो, तर स्क्रीनवर 'विद्यार्थी' शब्दच मोडलेला! वेलांटी 'व'च्या आधी यायची ती नंतर आली, जोडाक्षर फुटलं, रफाराच्या जागी सुटा 'र' उभा. सर म्हणाले, "मुलांना असं मराठी दाखवू का?" ऑर्डर गेली.

चूक मुलाची नव्हती, माझी होती. लायब्ररी निवडताना मी दोनच प्रश्न विचारले होते: हलकी आहे का? फुकट आहे का?

जीयूआय लायब्ररी म्हणजे गेममधली बटणं, मेनू, स्कोअरची पट्टी काढून देणारा तयार कोड. डिअर इमगुई, नुक्लिअर, रेगुई या त्यातल्या हलक्या. तिन्ही फुकट, धंद्यात वापरायलाही परवानगी. पण डिअर इमगुई बनवणारे स्वतःच सांगतात की ती प्रोग्रामरच्या आतल्या कामाच्या साधनांसाठी आहे, सामान्य ग्राहकाच्या स्क्रीनसाठी नाही. अक्षरं जोडून नीट मांडायचं काम ती करत नाही. इंग्रजीत 'ए'च्या पुढे 'बी' ठेवला की झालं. देवनागरीत तसं चालत नाही.

मग मराठीसाठी काय? गोडो इंजिन बघा. त्यात बटणं-मेनू आतच मिळतात. मार्च 2023 मध्ये आलेल्या गोडो 4 पासून जोडाक्षरं, वेलांट्या नीट दिसतात. छोट्या लायब्ररीपेक्षा ते जड आहे हे खरं, पण एमआयटी लायसन्स असल्यामुळे रॉयल्टी द्यावी लागत नाही. फॉन्टसाठी मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' घ्या, तोही धंद्यात फुकट वापरता येतो.

लायसन्स मात्र नीट वाचा. युनिटी कंपनीने सप्टेंबर 2023 मध्ये ठरावीक मर्यादेनंतर प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे घ्यायचं जाहीर केलं होतं. जगभर ओरड झाली, आणि वर्षभराने, सप्टेंबर 2024 मध्ये, ते रद्द झालं. पण तेवढं वर्ष छोट्या गेमवाल्यांनी टेन्शनमध्येच काढलं ना!

तर ॲडव्हान्स घेण्याआधी तीन गोष्टी करा:

1. एका स्क्रीनवर 'विद्यार्थी', 'क्षेत्र', 'उत्तर' लिहा आणि घरातल्या शाळकरी पोराला वाचायला द्या.
2. तीच स्क्रीन ग्राहकाकडे असतो तसल्या स्वस्त, जुन्या मोबाईलवर चालवा. बटण अंगठ्याने दाबता येतं का, फोन तापतो का, बघा.
3. लायसन्सची फाईल कामाच्या फोल्डरमध्ये सेव्ह करून ठेवा.

अर्ध्या दिवसाचं काम आहे. मी ते केलं नाही, म्हणून तीन आठवडे आणि एक चांगला ग्राहक गेला. फक्त आतल्या कामाचं टूल बनवायचं असेल, तर हलकी लायब्ररी बिनधास्त घ्या. पण ग्राहक मराठी वाचणार असेल, तर आधी मराठी तपासा, मग वजन.