धूळ, ठिणगी आणि तबकडी

न्यू जर्सीत जानेवारीत दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो, हे तिथल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक असतं. बाहेरची उणे १० अंशांची हवा घरात २० अंशांपर्यंत तापली आणि तिला वरून ओलावा मिळाला नाही, तर तिची सापेक्ष आर्द्रता दहा-बारा टक्क्यांवर येते. अशा कोरड्या हवेत साचलेला विद्युतभार लवकर निघून जात नाही. आपल्याला तो ठिणगीने कळतो. तळघरात हौसेने मांडलेल्या टर्नटेबलवर तो धुळीच्या रूपाने दिसतो. ही हौसही आता थोड्यांची राहिलेली नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत १९८७ नंतर प्रथमच सीडींपेक्षा विनाइल रेकॉर्ड जास्त खपल्या.

विनाइल म्हणजे पीव्हीसी. घर्षण झालं की इलेक्ट्रॉन हिसकावून घ्यायची या प्लॅस्टिकला खोड आहे. रेकॉर्ड पाकिटातून नुसती ओढून काढली तरी तिच्यावर ऋणभार चढतो आणि ती कपड्यांचे तंतू, त्वचेचे कण, कार्पेटची लव स्वतःकडे खेचू लागते. (भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट असलेल्या घरात या मालाला तोटा नाही.) यावर बहुतेक जण कोरडं फडकं घेऊन खसाखसा पुसतात. वरची धूळ जाते, पण पुसण्यानेच नवा भार चढतो.

आता खाच किती बारीक असते ते पाहा. वरच्या तोंडाशी ती जेमतेम केसाच्या जाडीची. मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेणाऱ्या रेकॉर्डच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर धावते, लेबलजवळ मात्र २० सेंटिमीटरच. तिथे १०,००० हर्ट्झच्या आवाजाची अख्खी लाट २० मायक्रॉनमध्ये कोंबलेली असते आणि घरातले कितीतरी धूलिकण त्याच मापाचे असतात. सुईला सूर आणि कचरा यांतला फरक कळत नाही. ती दोन्ही सारख्याच इमानाने वाजवते. तिचं वजन दीड-दोन ग्रॅमच, पण टेकायची जागा इतकी चिमुकली की दाब प्रचंड होतो. टणक कण त्या दाबाने प्लॅस्टिकमध्ये रुतला, तर पुढे धूळ धुतली तरी ‘टक्’ कायमचा राहतो.

१९७०च्या दशकात मिसुरी राज्यातल्या डिस्कवॉशर कंपनीचा ब्रश अमेरिकेत घरोघरी गेला. अक्रोडाच्या लाकडाची मूठ, एका बाजूला कललेले बारीक तंतू आणि सोबत द्रवाची बाटली. माझ्या मते खरी करामत त्या बाटलीची होती. ओलाव्याने भार निघून जातो आणि चिकटलेला कणही सुटतो.

आजोबांच्या ट्रंकेतून अमेरिकेत पोचलेल्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना मात्र हे सरसकट लावू नये. त्या लाखेच्या असतात. आपले सुतार चपडालाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच पॉलिश तयार करतात. बाजारातल्या काही क्लीनरमध्ये अल्कोहोल असतं. ते बालगंधर्वांच्या तबकडीला लावलं, तर तिथेही पॉलिशच तयार होईल.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ध्वनिसंग्रह व्हर्जिनियातल्या कल्पेपरला आहे. अणुयुद्ध झालं तर नोटा सुरक्षित राहाव्यात म्हणून १९६९ मध्ये बांधलेल्या बंकरमध्ये २००७ पासून तो नांदतो. तबकड्या धुवायला या ग्रंथालयाची शिफारस टर्जिटॉल या सौम्य मलहारक द्रव्याची. ते अगदी थोडं, क्षारमुक्त पाण्यात घालायचं, मग स्वच्छ पाण्याने खळबळायचं. नळाचं पाणी वाळताना क्षार मागे ठेवतं, म्हणून ते नको.

तडकलेल्या तबकडीवर सुई ठेवणंच धोक्याचं. त्यासाठी बर्कलीच्या प्रयोगशाळेतले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल हेबर आणि विताली फादेयेव यांनी आयरीन ही पद्धत काढली. खाचेची सूक्ष्म छायाचित्रं घ्यायची आणि संगणकाने त्यांतून ध्वनी काढायचा. धूळ तिथेही दिसते, पण खाचेच्या आकारात न बसणारा ठिपका म्हणून संगणक तिला वगळू शकतो.

घरी सुईवरच भागवायचं असल्याने टर्नटेबलवर झाकण हवं आणि हिवाळ्यात खोलीत ह्युमिडिफायर. धुतलेली रेकॉर्ड पूर्ण वाळू द्यावी आणि नव्या पाकिटात ठेवावी. जुन्या कागदी पाकिटात वर्षानुवर्षांचा भुसा साठलेला असतो.