चंद्रावर गेलेलं विणकाम

आज आम्ही सांगणार आहोत विणलेल्या कॉम्प्युटरची गोष्ट.

१९६९ साली अमेरिकेची माणसं चंद्रावर उतरली. यानातल्या कॉम्प्युटरला लागणाऱ्या सूचना बायकांनी हातानं विणल्या होत्या, अगदी सुईनं! वॉल्थॅम हे तिथलं एकेकाळी घड्याळं बनवणारं गाव. तिथल्या रेथिऑन कंपनीत चौकटीच्या दोन बाजूंना दोघी बसत. सुईत दोऱ्याऐवजी बारीक तार. ती इवल्याशा कड्यांमधून अलीकडे-पलीकडे न्यायची. तार कड्यातून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. कॉम्प्युटरची सगळी भाषा या दोन आकड्यांचीच. तार कुठून न्यायची ते यंत्र दाखवी, पण हात बाईचाच. एक तार चुकली की सूचना चुकली, आणि पुन्हा उसवणं महाकठीण. फायदा असा, की वीज गेली तरी विणलेलं पुसत नसे.

त्या सूचना लिहिणाऱ्या गटाच्या प्रमुख मार्गारेट हॅमिल्टन. त्यांना २०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी पदक दिलं, योग्यच झालं. विणणाऱ्यांची नावं मात्र फारशी कुणी घेत नाही. इंजिनिअर मंडळींनी त्या कामाला ‘म्हाताऱ्या बायांची पद्धत’ असं नाव ठेवलं होतं. कौतुकानं म्हणे! आम्हाला तरी त्यात कौतुक दिसत नाही.